उत्तम शुक्रवारी ३३५-ईने

बेंगळुरूत मारतहळ्ळीला भाचीकडे उतरले तेव्हा पवित्र सप्ताह चालू होता, पण तिच्या फ्लॅटमध्ये त्याचा मागमूस नव्हता. दिवसभर आउटर रिंग रोडवरचं ऑफिस, रात्री अमेरिकेशी कॉल, मधूनमधून डिलिव्हरीवाल्यांची बेल. पवित्र शास्त्र फ्रिजवर होतं, वायफायच्या डबीखाली. “आत्या, वेळच मिळत नाही गं,” ती म्हणाली.

उत्तम शुक्रवारची सुट्टी असूनही ती ऑन-कॉल होती. लॅपटॉप पाठीला लावूनच आम्ही ट्रिनिटी चर्चमधल्या उपासनेला जायला पुलाजवळ ३३५-ई पकडली. एरवी जुन्या एअरपोर्ट रोडवर रखडणारी ही बस त्या दिवशी बरी धावली. मेट्रोच्या कामाची धूळ मागे पडली आणि एचएएलचा परिसर सुरू झाला. १९४० साली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीनं हा विमान कारखाना उभारला. २००८ पर्यंत शहराची प्रवासी विमानंही इथूनच उडायची. मी हे सगळं कौतुकानं सांगितलं. “हो का?” भाची म्हणाली, फोनवरची नजर न काढता.

माझं मत तिथेच ठरलं. हिच्याकडे वेळ भरपूर आहे: बसमध्ये, लिफ्टसमोर, कॉल सुरू व्हायची वाट बघताना. तो सगळा फोन गिळतो.

दोमलूर येईपर्यंत मी पंडिता रमाबाईंवर घसरले. त्या जन्मल्या याच कर्नाटकात, १८५८ साली, गंगामूळच्या रानात. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन चालवताना दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांचं खाणंपिणं, दुखणीखुपणी, शिक्षण, छापखाना, सगळं त्यांच्या अंगावर. त्यातच हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये प्राण सोडेपर्यंत त्या त्यावरच झटत होत्या. “त्यांना स्टँडअप मीटिंग नव्हती,” भाची म्हणाली. हसले, पण फोन पर्समध्ये गेला हे मी पाहिलं.

लूकच्या दहाव्या अध्यायातल्या मार्था आणि मरीयेवर आमच्या नगरकडे वर्षातून एकदा तरी प्रवचन होतं. मार्थानं काम सोडून प्रभूच्या पायाशी बसावं, असं पाळक सांगतात आणि नंतर जेवायला बसतात तेव्हा वाढायला मार्थाच असते! खरं तर येशू तिच्या कामाला नावं ठेवत नाही. दगदग आणि काळजीनं ती विखुरली आहे, एवढंच तो दाखवतो. भाचीची गत तीच. फरक इतकाच की मार्थाच्या घरी पाहुणा समोर बसलेला होता.

ट्रिनिटी चर्च १८५१ सालचं, छावणीतल्या ब्रिटिश फौजेसाठी बांधलेलं. आत भिंतींवर सैनिकांच्या नावाच्या स्मृतिशिला. एम. जी. रोडच्या टोकाला इतकी उंच, शांत जागा असेल असं बाहेरच्या रहदारीवरून वाटत नाही. आमच्याकडे उत्तम शुक्रवारी बारा ते तीन बसायचं, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं ऐकायची. इथे उपासना इंग्रजीत, पण उद्गार तेच. पहिल्या अर्ध्या तासात भाचीनं दोनदा बॅगेला हात लावला. तिसऱ्या उद्गारानंतर बॅग बाकाखाली गेली. मला मात्र मधे डुलकी लागली, हे सांगितलेलं बरं.

बाहेर आल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. एक तक्रार आली होती. सहकाऱ्यानं निस्तरली होती. कंपनी बुडाली नव्हती.

परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, “रोज काय करू?” तिला सांगितलं, तेच मारतहळ्ळीत राहणाऱ्या सगळ्याच मराठी ख्रिस्ती पोरांना सांगते. उरलेल्या वेळात प्रार्थना करू म्हणाल तर वेळ उरणार नाही. रात्रीच्या कॉलसाठी कॅलेंडरमध्ये जागा राखता, तशी सकाळी पंधरा मिनिटं राखा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्या वेळेवर कुणी मीटिंग टाकली तर सरळ ‘डिक्लाइन’ दाबा.