फ्रीजला नळाची वेळ कळत नाही

आमच्या इतवारीत पाणी येत नाही, ‘नळ येतात’. नळ येऊन मोटर लावून टाकी भरेपर्यंत आई घर सोडत नाही. मावशीकडे मुक्कामाला जाणं तर दूरच.

अशा घरात मी थेट पाण्याच्या लाइनला जोडायचा, बर्फ देणारा फ्रीज आणला. पाव इंची नळी जोडणं सोपं. अडतं ते दाबावर. अशा फ्रीजला साधारण 20 पीएसआय तरी लागतो. 10 मीटर उंचीवरचं पाणी देतं 14. आमची टाकी फ्रीजच्या 4 मीटर वर, म्हणजे जेमतेम 6. दाब कमी पडला की आतला व्हॉल्व्ह नीट मिटतही नाही, पाणी झिरपत राहतं.

उपाय छोटा बूस्टर पंप, पण टाकीनंतर. थेट नळावर टिल्लू लावला तर शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं आणि फुटक्या जोडातून घाणही आत येते.

नळात दिवसभर दाब असतो, हे फ्रीज गृहीत धरतो. नागपुरात चोवीस तास पाण्याच्या योजनेचं काम शहरभर 2012 साली सुरू झालं, ते याच दाबासाठी. तो नसेल तिथे घर तो तयार करतं: मोटर, टाकी आणि बटणापाशी थांबलेली आई.

बर्फ आता आपोआप पडतो. पुढचा खर्च मोटरच्या सेन्सरवर: खालच्या टाकीत पाणी आलं की सुरू, वरची भरली की बंद. मावशीला तसं कळवलंय.