फोटोची कोरी पाठ

तुमच्या घरी जुने फोटो कुठे ठेवलेले असतात? कुणाकडे अल्बम असेल, कुणाकडे ट्रंकेच्या तळाशी एखादं पाकीट असेल. आमच्या चंद्रपूरच्या घरी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत, बाहेर ऊन रणरणत असलं की आम्ही भावंडं तो डबा काढून बसायचो.

त्यात एक काळा-पांढरा फोटो होता. एका मोठ्या दगडी दरवाज्यासमोर आजोबा सायकल धरून उभे होते. मागे माणसांची गर्दी. फोटो उलटून पाहिला, तर पाठ कोरी! मग आमच्यात वाद सुरू झाला, हा दरवाजा कोणता?

तुम्ही म्हणाल, यात वाद कसला? पण चंद्रपूरला गोंड राजांनी बांधलेला परकोट आहे. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार मोठे दरवाजे आहेत. शिवाय पाच छोटे दरवाजे आहेत, त्यांना आम्ही खिडक्या म्हणतो. मोठ्या दरवाज्यांवर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे, हत्तीवर मात करणारा सिंह. त्यामुळे नुसता दगड पाहून कोणता दरवाजा ते ओळखणं कठीणच.

शेवटी आजीला विचारलं. तिने फोटो उजेडात धरला आणि दरवाज्याकडे पाहिलंच नाही. ती गर्दीकडे पाहत होती. म्हणाली, "हे पाय, ह्या बायांच्या डोक्यावर गाठोडे हायेत. हातात झेंडे हायेत. चैताची जत्रा होय हे. म्हणजे अंचलेश्वर गेट होय, दुसरं कोणतं असन?"

महाकालीच्या जत्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून भाविक येतात, झरपट नदीवर आंघोळ करतात. देऊळ त्याच बाजूला आहे. आजीने महिना सांगितला, जागा सांगितली, आजोबांच्या मागे तोंड फिरवून उभ्या असलेल्या मुलाचं नावही सांगितलं. एका कोऱ्या पाठीमागे एवढं सगळं दडलेलं होतं!

त्या दुपारी मी पेन्सिल आणली आणि आजी सांगेल तसं एकेका फोटोच्या पाठीवर लिहीत गेलो. दोन सुट्ट्या हे काम चाललं. तिसऱ्या सुट्टीला आजी नव्हती. डब्यात चौदा फोटो उरले होते. त्यांतली माणसं आजही आमच्याकडे पाहून हसतात, पण ती कोण, हे सांगणारं आता कुणी नाही.

पुढे मोठा झाल्यावर मी एक गोष्ट वाचली. इंग्लंडमध्ये वॉरविकशायर नावाचा परगणा आहे, आपल्या जिल्ह्यासारखाच म्हणा ना. १८८९ साली बर्मिंगहॅममध्ये विज्ञान शिकवणाऱ्या जेरोम हॅरिसन यांनी एक कल्पना मांडली. आपल्या परगण्यातल्या जुन्या इमारती, घरं, गल्ल्या आणि बागा बदलण्याआधीच त्यांचे पद्धतशीर फोटो काढून ठेवायचे! १८९० पासून तिथले हौशी छायाचित्रकार कामाला लागले. ही सगळी हौसेची मंडळी, पगारी नव्हेत. पुढे १८९७ साली बेंजामिन स्टोन यांनी साऱ्या देशासाठी अशीच संस्था काढली. कामाला लागताना त्यांनी राजवाडेच तेवढे टिपले नाहीत. गावातले सण आणि चालीरीतीही टिपल्या.

वाचून मला आजी आठवली. तीही दरवाज्याआधी माणसंच पाहत होती!

जुन्या फोटोंचा उपयोग आठवणींपुरताच असतो, असं समजू नका. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. तिथल्या जुन्या मंदिरांची पाहणी अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या सुमाराच्या दौऱ्यात केली आणि अहवाल लिहिला. अशा मंदिराची दुरुस्ती करायची, तर कधी कधी दगड उतरवून पुन्हा बसवावे लागतात. कोणता दगड कुठे होता? त्यासाठी दगडांवर आकडे घालतात, नकाशे काढतात आणि फोटो घेतात. "भिंतीवर सुंदर मूर्ती आहेत" असं वर्णन कितीही छान असलं, तरी कोणती मूर्ती कोणत्या मूर्तीच्या शेजारी हे त्यातून कळत नाही. जुना स्पष्ट फोटो ते एका नजरेत सांगतो.

मंदिराचे फोटो काढायला मोठी माणसं येतात. पण आपल्या घरांचं काय? ताडोबाच्या जंगलातली नवेगाव, जामणी ही गावं २०१० नंतरच्या काळात बाहेर नवीन जागी वसवली गेली. कुठे कोळशाच्या खाणींसाठी गावं उठली. कुठे कुणी उठवलं नाही, तरी कवेलूची घरं जाऊन स्लॅबची आली. पक्कं घर हवंच, त्यात वाईट काही नाही. पण अंगणातली विहीर, परसातलं मोहाचं झाड, बैलांचा गोठा यांचे फोटो पुस्तकात सापडणार नाहीत. ते तुमच्याच घरच्या डब्यात असतील, नाहीतर कुठेच नसतील.

म्हणून या सुट्टीत एक काम करा. घरातले जुने फोटो घेऊन आजी-आजोबांजवळ बसा. कोण, कुठे, कोणत्या साली, एवढं विचारा. साल आठवत नसेल तर "मोठ्या पुराच्या आधी की नंतर?" असं विचारा, लगेच आठवतं! मग मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने पाठीवर लिहा. पेनची शाई पुढच्या बाजूला उमटते आणि जोर दिला तर वळ उठतो.

आणि फोनमध्ये काढलेले फोटो? त्यांना तर पाठच नसते! त्यांतले निवडक दहा छापून घ्या आणि त्यांच्यावरही लिहा. गावातल्या जुन्या घराचा, पाराचा, शाळेचा एकेक फोटो त्यात असू द्या. फोटोत एखादा माणूस उभा असेल, तर त्याचं नाव आधी लिहा. इमारतीचं नाव कुणी ना कुणी शोधून काढील, माणसाचं नाव मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.