दिग्रसच्या चढावरचे टोचन

यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम भागात, पुसद, दारव्हा, आर्णी आणि वाशीम जिल्ह्यातील मानोरा या गावांच्या मधोमध दिग्रस हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. गावाजवळून धावंडा नदी वाहते, आणि अरुणावती धरणाचा जलाशयही फार दूर नाही. भोवतालचा प्रदेश सपाट मुळीच नाही. काळ्या मातीची शेते उतरत ओढ्यापर्यंत येतात आणि पलीकडे पुन्हा चढत माथ्यापर्यंत जातात. पावसाळ्यात येथे सोयाबीन, कापूस आणि तूर उभी असते. फेब्रुवारीच्या अखेरीस हरभऱ्याची काढणी सुरू होते आणि बांधावरचे पळस पेटल्यासारखे फुलतात. घंटीबाबांच्या मंदिरामुळे गावाचे नाव भाविकांच्या ओठी आहे.

दिग्रसला आजवर आगगाडी आलेली नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी नॅरोगेज शकुंतला दारव्ह्यावरून जात असे. तिची शिटी दिग्रसपर्यंत कधी पोचली नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा मार्ग दिग्रसवरून जाणार आहे. त्यातील वर्धा ते कळंब या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन 28 फेब्रुवारी 2024 रोजी झाले. रूळ गावाला लागेपर्यंत कापसापासून किराण्यापर्यंत आणि वरातीपासून रुग्णापर्यंत सारा भार रस्त्यावरच आहे. जेथे सर्व काही रस्त्यावर अवलंबून असते, तेथे रस्त्याकडेच्या विद्याही वाढीस लागतात. पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, पाटे बसवणारा, डिझेल पंपाचा मिस्त्री हे दिग्रसच्या अर्थव्यवस्थेचे अबोल भागधारक आहेत.

या विद्यांपैकीच एक म्हणजे टोचन. बंद पडलेले वाहन दुसऱ्या वाहनाला दोराने किंवा साखळीने बांधून ओढत नेणे, याला महाराष्ट्रभर हाच शब्द आहे. इंग्रजी ‘टो’ आणि ‘चेन’ या दोन शब्दांचा जिभेवर घासून गुळगुळीत झालेला तो जोड असावा. टोचन ही कोणाला कौशल्याची गोष्ट वाटत नाही. दोर बांधला आणि ओढले, एवढेच तिचे स्वरूप समजले जाते. हा समज किती महाग पडू शकतो, ते दिग्रस–दारव्हा रस्त्यावरच्या एका चढाने काही तरुणांना शिकवले.

हे तरुण अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते आणि स्वतः बांधलेली छोटी शर्यतगाडी घेऊन पिथमपूरला निघाले होते. मध्य प्रदेशात इंदूरजवळ असलेल्या या औद्योगिक नगरीतील वाहन-चाचणी केंद्रावर ‘बाहा’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा 2007 पासून भरत आली आहे. मूळ स्पर्धा अमेरिकेत 1976 मध्ये सुरू झाली. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी द्वीपकल्पातील शर्यतींवरून तिला हे नाव मिळाले. व्यावसायिक चालकांना तेथे स्थान नाही. विद्यार्थ्यांनीच आरेखन करायचे, नळ्या कापून सांगाडा जोडायचा, ब्रेक आणि सुकाणू बसवायचे आणि शेवटी दगडधोंड्यांच्या, चिखलाच्या वाटेवर चार तास ती गाडी धावती ठेवायची. सुमारे दहा अश्वशक्तीचे छोटे इंजिन वापरायचे असल्याने नुसत्या ताकदीवर कोणी जिंकत नाही. बांधणी आणि सावधपणा यांचा तेथे कस लागतो.

या स्पर्धेच्या नियमांत एक बारकावा आहे. प्रत्येक गाडीच्या पुढे आणि मागे, दोन्ही टोकांना, ओढून नेण्यासाठी भक्कम कडी असलीच पाहिजे. गाडी अडकणार, बंद पडणार, तिला ओढावे लागणार, हे नियम करणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलेले असते. दिग्रसमधील एका वेल्डिंगच्या दुकानात या विद्यार्थ्यांनी अशा दोन्ही कड्या मोठ्या काळजीने जोडून घेतल्या होत्या. ज्या पिकअपमधून ती गाडी न्यायची होती, तिला पुढे ओढण्याचा हूक कोठे आहे, हे मात्र कोणी पाहिले नव्हते.

पिकअप दिग्रसच्याच एका गृहस्थाची होती. ती त्यांनी हप्त्यांवर घेतली होती आणि स्वतःच चालवत होते. सकाळी शर्यतगाडी हौद्यात चढवली, दोरांनी बांधली, नारळ फोडला आणि मंडळी दारव्ह्याच्या दिशेने निघाली. कारंजा, मूर्तिजापूर, परतवाडा, खंडवा असा पुढचा बेत होता. काही किलोमीटर गेल्यावर एक माथा ओलांडून पिकअप ओढ्याकडे उतरली आणि पुलाजवळ धापा टाकत बंद पडली. डिझेलच्या वाहिनीत हवा शिरली होती. पंप मारून पाहिला, नळी फुंकून पाहिली; इंजिन दाद देईना. मिस्त्री दिग्रसला होता, म्हणजे मघाशी उतरलेला माथा आता उलट चढायचा होता.

तेवढ्यात शेताकडून गावाकडे निघालेला एक ट्रॅक्टर आला. साठीकडे झुकलेल्या त्या शेतकऱ्याने न विचारताच ट्रॅक्टर थांबवला.

“काका, गावापर्यंत टोचन करून द्याल का?” एका मुलाने विचारले.

“काऊन नाही? बांधा दोर,” ते म्हणाले.

मुलांनी सपाट जागेवर पिकअप ढकलत वळवली. ट्रॅक्टरच्या मागच्या आकड्याला नायलॉनचा दोर अडकवला आणि त्याचे दुसरे टोक पिकअपच्या पुढे शोभेसाठी लावलेल्या चकचकीत लोखंडी गार्डला बांधले. गार्ड भक्कम दिसत होते. ते केवळ चार बोल्टांवर उभे आहे, हे कोणाच्या मनात आले नाही.

निम्मा चढ नीट पार पडला. तेथे समोरून कापसाचा उंच भरलेला ट्रक आला आणि ट्रॅक्टर कडेला थांबला. पिकअपवाल्यांनी ब्रेक दाबला, पण इंजिन बंद असले की ब्रेकला मिळणारे बळ एक-दोन दाबांतच संपते आणि पुढे तो लाकडासारखा कडक होतो. पिकअप हातभर पुढे सरकून थांबली. दोर सैल पडून रस्त्यावर लोळू लागला. गाठ तपासायला दोन मुले खाली उतरली आणि दोन्ही वाहनांच्या मध्ये वाकून उभी राहिली.

गटातील ब्रेकची जबाबदारी एका विद्यार्थिनीकडे होती. स्पर्धेच्या सुरक्षा-नियमांची उजळणी तिने आदल्या रात्रीच केली होती. ती हौद्यातून ओरडली, “आधी बाजूला व्हा! दोराच्या रेषेत उभे राहू नका.” मुले थोडी चिडूनच कडेला झाली. ट्रक निघून गेला. ट्रॅक्टरच्या काकांनी मागे न पाहता क्लच सोडला.

सैल दोर क्षणात ताठ झाला. गार्ड मुळापासून उपटले गेले आणि गोफणीतून सुटल्यासारखे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर जाऊन आदळले. मघाशी मुले जेथे उभी होती, त्याच जागेवरून ते गेले. पिकअप उताराने मागे घसरू लागली. चालकाने हातब्रेक ओढला आणि सुकाणू कडेला वळवले. मागचे चाक चरात उतरले आणि वाहन थांबले. हौद्यातल्या विद्यार्थिनीने बाजूची पट्टी घट्ट धरली होती. तिला इजा झाली नाही. मात्र शर्यतगाडीचे दोर तुटले, ती मागे सरकून फळीवर आपटली आणि तिच्या मागच्या चाकाचा एक दांडा वाकला.

काही वेळ कोणीच बोलले नाही.

या घटनेमागचा हिशेब सोपा आहे. माणसांसह आणि सामानासह पिकअपचे वजन अडीच टन धरले आणि वीस फुटांमागे एक फूट चढ मानला, तर ती संथपणे ओढायला दोनशे किलोंहूनही कमी ताण पुरतो. पण दोर सैल सोडून ट्रॅक्टरने ताशी पाच किलोमीटर एवढाच वेग घेतला आणि मग वीतभर ताणातच तो झटका सोसायची वेळ आली, तर सरासरी ताण हजार-बाराशे किलोंच्या वर जातो, आणि अखेरच्या क्षणी त्याच्याही दुप्पट होतो. वजन तेच, चढ तोच, दोरही तोच. फरक फक्त मधल्या ढिलाईचा असतो. चार बोल्ट भाराने तुटले नव्हते, झटक्याने तुटले होते.

त्यानंतर जे घडले, ते या प्रसंगातील सर्वांत लक्षात राहण्याजोगे होते. अशा वेळी रस्त्यावर आवाज चढतात, एकमेकांकडे बोटे रोखली जातात. येथे ट्रॅक्टरचे काका प्रथम खाली उतरले आणि म्हणाले, “माही बी चूक हाये पोट्टेहो. म्या मांगं पाह्यलंच नाही.” पिकअपवाले म्हणाले, “गार्डला बांधू दिला, ती माझी चूक. हूक खाली होता, मला ठाऊक होता.” मुले म्हणाली की गाडी हौद्यात दोनच दोरांनी बांधली, ती आमची घाई. दोष असा तिघांत वाटला गेल्यावर कोणाच्याच वाट्याला तो असह्य राहिला नाही, आणि कामाला लागायला सगळे मोकळे झाले.

गावातून मिस्त्री मोटारसायकलवर साखळी घेऊन आला. दुसरे टोचन कसे झाले, ते सांगण्यासारखे आहे. पिकअपच्या चाकांमागे दगड लावले. साखळी चासीच्या हुकाला अडकवली आणि तिच्या मध्यावर ओले गोणपाट टाकले. साखळी तुटलीच तर त्या वजनाने ती उसळत नाही, जमिनीवर बसते. लाल फडके बांधले. किल्ली फिरवलेली ठेवली, कारण ती काढली तर सुकाणू जागीच अडकते. माणसे हौद्यातून उतरून कडेने चालू लागली. निघण्यापूर्वी हातवारे ठरले. पिकअपवाल्यांना मिस्त्रीने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: “ओढणारा पुढे असला तरी साखळी तुमच्या पायात आहे. जिथे सैल पडेल असे वाटेल, तिथे हलका ब्रेक द्या.” काकांनी क्लच इतक्या सावकाश सोडला की साखळी आधी ताठ झाली आणि चाके नंतर फिरली.

देशाच्या वाहनचालन नियमांतही, 1989 च्या जुन्या आणि 2017 च्या नव्या, टोचनाला जागा आहे. बिघडलेले वाहन जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत न्यावे, दोन वाहनांतील अंतर पाच मीटरांपेक्षा अधिक नसावे, दोर किंवा साखळी इतरांना स्पष्ट दिसावी, अशा त्यातील अपेक्षा आहेत. त्या दिवशी पहिल्या खेपेला हे नियम कोणी आठवले नव्हते. दुसऱ्या खेपेला मिस्त्रीने नियम न वाचताच ते पाळले, कारण ते अशाच अनुभवांतून जन्माला आलेले असतात.

दिग्रसला पोचल्यावर मिस्त्रीने तासाभरात डिझेलची वाहिनी साफ केली. वेल्डिंगवाल्याने वाकलेला दांडा सरळ करण्यास साफ नकार दिला. “सरळ केलेलं लोखंड दिसतं चांगलं, पण शर्यतीत दगा देईल,” असे म्हणून त्याने नवी नळी कापली आणि रात्री उशिरापर्यंत बसून नवा दांडा तयार केला. ट्रॅक्टरच्या काकांनी डिझेलचे पैसे घेतले नाहीत. पिकअपवाल्यांच्या गार्डची किंमत मुलांनी आपसांत वर्गणी काढून द्यायचे ठरवले. त्यांनी निम्मीच घेतली आणि नवे गार्ड लावलेही नाही. पहाटे मंडळी पुन्हा निघाली. त्या चढावर पिकअप दोन मिनिटे थांबली. विद्यार्थिनीने खाली उतरून हौद्यातील सहाही दोर हाताने ओढून पाहिले आणि मगच पुढे जायला सांगितले.

पिथमपूरला तपासणीच्या वेळेत गाडी पोचली. चार तासांच्या शर्यतीत तिसऱ्या तासाला ती चिखलात रुतली. आयोजकांच्या माणसांनी पुढच्या कडीला दोर अडकवला, हळूच ताठ केला आणि तिला बाहेर काढले. कडी जागची हलली नाही. गाडी पुन्हा धावू लागली. बक्षिसाच्या यादीत तिचे नाव नव्हते.

परतीच्या वाटेवर मुले दिग्रसला त्या वेल्डिंगच्या दुकानात थांबली. दुकानदाराने क्रमांक विचारला नाही. त्याने आधी गाडीच्या मागे वाकून आपला नवा दांडा पाहिला, मग पुढची कडी हाताने हलवून पाहिली आणि चहा सांगितला. थोड्या वेळाने ट्रॅक्टरचे काकाही आले. त्यांच्या ट्रॅक्टरच्या आकड्याशी आता एक नवी साखळी गुंडाळलेली होती आणि तिच्या मध्यावर गोणपाटाचा एक तुकडा कायमचा बांधलेला होता.