कर्ता नसलेले वाक्य

थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास असते. न्हाणीघरात गॅस गीझर चालू, दार-खिडकी बंद, आत मृतदेह. शेवट ठरलेला: 'गुदमरून मृत्यू झाला. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद.' व्याकरण शिकवणाऱ्याला हे वाक्य खटकते. 'झाला' या क्रियापदाचा कर्ता कोण? मृत्यूच. तो झाला, कोणी घडवला नाही. कायद्याला मात्र दायित्व ठरवायचे तर माणूस हा कर्ता लागतो, आणि कार्बन मोनॉक्साइड कर्त्याला लपवण्यात निष्णात. गळती कळावी म्हणून सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. पण तोच गॅस अपुऱ्या हवेत जळून हा वायू तयार झाला, की नाकाला काही कळत नाही.

एम.ए.च्या वर्गात निसर्गवाद शिकवताना एमिल झोलापाशी आलो, की मला त्याच्या कादंबऱ्यांइतकेच त्याच्या मृत्यूविषयी बोलावेसे वाटते. 1902 च्या सप्टेंबरअखेर पॅरिसच्या घरी परतल्यावर ओल घालवण्यासाठी शेजघरात कोळसा पेटवला होता. दारे-खिडक्या बंद. रात्री पत्नीला मळमळू लागले. नोकरांना उठवू नये, सकाळी बरे वाटेल, असे झोलाचे म्हणणे पडले. 29 तारखेला सकाळी तो मृत सापडला, पत्नी वाचली. चौकशीत त्याच खोलीत पुन्हा शेकोटी पेटवून गिनिपिग कोंडले गेले, ते जिवंत राहिले. धुराडे उकलले, तर ते बंद पडावे इतकी काजळीही आढळली नाही. तरीही निष्कर्ष 'अपघात' असाच निघाला. पुढे 1953 मध्ये 'लिबेरासियों' या दैनिकाने एक वृत्तान्त छापला: 1928 मध्ये वारलेल्या छपराच्या एका कंत्राटदाराने, आपण शेजारच्या छपरावर काम करताना ते धुराडे बुजवले व सकाळी मोकळे केले, असे मित्राजवळ सांगितले होते. ते सिद्ध कधीच झाले नाही. सिद्ध झाले असते तरी शिक्षा कोणाला करायची?

ज्या माणसाने 1898 मध्ये ड्रायफस प्रकरणी 'मी आरोप करतो' असे लिहून अधिकाऱ्यांची नावे एकामागून एक घेतली, आणि त्याबद्दल अब्रुनुकसानीची शिक्षा ओढवून घेतली, त्याच्याच मृत्यूचे वाक्य कर्त्याविना राहावे!

आपल्याकडे कर्ता मिळत नाही असे नाही. तो फार जणांत वाटला जातो. हयगयीने मृत्यूस कारण होणे हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये आहे (1 जुलै 2024 पूर्वी तो दंडसंहितेच्या 304अ मध्ये होता). पण फौजदारी दोषासाठी साधी हयगय पुरत नाही, ती घोर असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये एका वैद्यकीय प्रकरणात म्हटले आहे. नुकसानभरपाईसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाला, विक्रेत्याला आणि सेवा देणाऱ्याला वेगवेगळे उत्तरदायी धरता येते. सदोष बनावटीबरोबर अपुऱ्या सूचनेसाठीही. मग युक्तिवाद सुरू होतात. उत्पादक पुस्तिकेकडे बोट दाखवतो, बसवणारा घरमालकाकडे, घरमालक भाडेकरूकडे. आणि भाडेकरू बोलायच्या स्थितीत नसतो.

माझ्या भाड्याच्या घराचा लीव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा. त्याच्या परिशिष्टात पंखे चार, ट्यूबलाइट सहा, 'गॅस गीझर एक, सुस्थितीत'. तो न्हाणीघराच्या आतच होता. झरोका काचेने बंद. एखाद्या विशेषणावर एवढा भार मी कवितेतही पाहिलेला नाही. 'सुस्थितीत' या शब्दाखाली उद्या घरमालकाची सुटका झाली असती, सही माझी असल्यामुळे. सही करण्याआधी मी त्यांना फोन केला. "सर, आधीच्या लोकांनी पाच वर्षं वापरला," ते म्हणाले, "काही झालं नाही." पुन्हा तेच क्रियापद.

मी 'सुस्थितीत' खोडून 'न्हाणीघराबाहेर बसवल्यानंतर' असे लिहायला लावले. त्यांनी कुरकुरत मान्य केले, खर्च मात्र निम्मा-निम्मा. काम झाल्यावर प्लंबरने पावतीपुस्तक काढले आणि विचारले, "सर, नाव कोणाचं टाकू?"