इच्छापत्र, पण इस्टेटीचे नव्हे

मरणाचा विषय काढला की आपल्या घरांत लगेच कुणीतरी गप्प करते. "वाईट बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो!" इस्टेटीचे कागद आपण जपून ठेवतो. पण शेवटच्या आजारात मला काय हवे, काय नको, हे लिहून ठेवतो म्हटले की समोरचा विचारतो, "का रे, जीवबीव देतोस की काय?"

सारा घोटाळा इथेच आहे. आत्महत्या वेगळी. इंजेक्शन देऊन मरण आणणे वेगळे. ते आपल्याकडे बेकायदाच आहे. आणि बरे होण्याची आशा संपल्यावर यंत्रे नकोत म्हणणे आणखी वेगळे. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न-औषध नाकारले, तेव्हा लोकांनी हात जोडले. साध्या माणसाला मात्र आपण वेड्यात काढतो.

अरुणा शानबाग आठवतात ना? मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातील या परिचारिकेवर १९७३ साली अत्याचार झाला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत ती तिथेच पडून होती. तिला सोडवा म्हणून एका लेखिकेने सुप्रीम कोर्टात याचिका केली, तर तिला सांभाळणाऱ्या परिचारिकांनी विरोध केला. माया दोन्हीकडे होती. बोलली नाही ती फक्त अरुणा! २०११ साली कोर्टाने याचिका फेटाळली, पण कडक अटींवर उपचार थांबवायची वाट मोकळी केली.

२०१८ साली कोर्टाने असे वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले. आधी मॅजिस्ट्रेटची सही लागे. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे. ३१ मे २०२४ रोजी न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यातले पहिले असे इच्छापत्र केले. 

आम्हा कारकुनांना राजपत्रित अधिकारी कचेरीतच भेटतो. अडचण सहीची नाहीच. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या जवळच्या माणसांची नावे कागदात घालावी लागतात, आणि त्यासाठी घरात बोलावेच लागते. न बोलल्यास तो निर्णय आयसीयूच्या दारात रात्री-अपरात्री मुलांवर पडतो आणि "बापाला मारले" हा बोल त्यांना जन्मभर लागतो.

बायकोला हे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझं नाव घाला. आणि माझाही कागद करून आणा."

आईला सांगणे अजून बाकी आहे.