वाशिष्ठीच्या काठाने एक दिवस

कोयनेच्या पाण्याची वाट खरं तर पूर्वेची. कराडला कृष्णेत मिसळून ते बंगालच्या उपसागराकडे जातं. पण धरणात अडवलेलं बरंचसं पाणी, वर्षाला सुमारे ६७ टीएमसी, डोंगराच्या पोटातल्या पोफळीच्या वीजघरात उतरतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळून अरबी समुद्र गाठतं. म्हणून भर उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहती असते.

डिसेंबरच्या सुट्टीत भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन आम्ही घरचे पाचजण याच वाटेने उतरलो. घाटमाथ्यावर फजरची नमाज अदा केली, गाडीतल्या शेगडीवर चहा केला आणि कुंभार्ली घाट धरला. प्रत्येक वळणाला कपाटातले डबे खडखडत. गाडीतली टाकी लहान, त्यामुळे वुजूपासून भांड्यांपर्यंत सगळं मोजक्या पाण्यात.

चिपळूणच्या बाजारात सामान घ्यायला थांबलो. मुलांनी दुकानदार चाचांना आपलं चाकांवरचं घर हौसेने दाखवलं. चाचांनी कौतुक केलं आणि मग दुकानाच्या भिंतीवर, आमच्या डोक्यांच्या बरंच वर, बोट दाखवलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी तिथवर चढलं होतं.

“बाळांनो, पाणी आलं की तुमचं घर निघून जाईल. आमचं इथंच उभं राहणार,” ते हसून म्हणाले. पुराबद्दल ते दोनच वाक्यं बोलले. नंतर चिखल उपसायला कोण कोण धावून आलं, कुणी जेवण पाठवलं, हे मात्र कितीतरी वेळ सांगत राहिले.

दुपारी गोवळकोटच्या किल्ल्यावरून नदीचं रुंद वळण पाहिलं. शांत, हिरवं पाणी. त्या दिवसाची काही खूणच नाही. पुढे गुहागरच्या रस्त्याने धोपाव्याला आलो. व्हॅन फेरीबोटीत चढवली आणि खाडी ओलांडून दाभोळला उतरलो. बहमनी आणि आदिलशाही काळात हे मोठं बंदर होतं. अरबस्तानाशी व्यापार चाले, हजयात्रेकरूंची जहाजंही इथून सुटत. जेटीजवळची जुनी दगडी मशीद त्या दिवसांची साक्ष देत उभी आहे. समोर वाशिष्ठी समुद्राला मिळते.

तुम्ही या वाटेने गेलात तर घाट, खाडी, फेरीबोट सगळं पाहा. पण चिपळुणात एखाद्या दुकानापाशी थांबून पाणी कुठवर आलं होतं, तेही विचारा. नदीकाठी कायमचं राहणं म्हणजे काय, ते तिथं कळतं.