मास्तरांनी वाचलेली जाहिरात

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे बाबाही होते. सुरुवातीला उसनवारीवर निभावलं. मग चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं गावाकडे गेली. मी घरात थोरली, नुकतीच बारावी झालेली. नोकरीच्या जाहिराती वाचू लागले.

परळला चाळीजवळच टायपिंगचा क्लास होता. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस. तेवढी परीक्षा पास करून दिली की मास्तरांचं काम संपत होतं. अर्ज कसा करावा हे शिकवणं त्यांच्या फीत बसत नव्हतं. तरी त्यांनी ते मला शिकवलं.

एका खासगी कंपनीला आवक-जावक कारकून हवा होता. स्वच्छ हस्ताक्षर, मराठी टायपिंग, पत्रव्यवहार आणि नोंदवह्यांची माहिती असल्यास प्राधान्य. मी फुलस्केप कागदावर लिहून नेलं: वडील संपात, भावंडं शिकताहेत, घरची परिस्थिती हलाखीची, तरी सहानुभूतीने विचार व्हावा. चाळीत सगळे असंच लिहायचे. मास्तरांनी शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "बाळ, यातलं सगळं खरं आहे. पण त्यांनी हे विचारलेलं नाही."

मग जाहिरातीचं कात्रण पुढ्यात घेऊन ते पेन्सिलीने एकेका शब्दाखाली रेघ ओढत गेले. 'नोंदवह्या'पाशी मी थांबले. मी कुठे नोकरी केली होती?

"चाळीत संपाचं धान्य वाटतात, त्याचा हिशेब कोण ठेवतं?"

मीच ठेवत होते. कुठल्या खोलीत किती माणसं, कुणाला किती ज्वारी, किती तांदूळ, पुढे सही किंवा अंगठा.

"आणि गावाकडची पत्रं, अर्ज, मनिऑर्डरीचे फॉर्म?"

तेही मीच लिहायची.

"मग हे लिही की! वही कशी ठेवतेस तेही लिही."

त्या दिवसांत आम्हाला जो तो विचारायचा ते संप कधी मिटणार एवढंच. मला काय येतं, हे विचारणारे मास्तर पहिले. आमच्या अडचणीच्या दिवसांतच माझा अनुभव सापडेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना ते दिसलं.

अर्ज मी क्लासातल्याच रेमिंग्टन टाइपरायटरवर टाइप केला. विषय, खाली संदर्भ म्हणून जाहिरातीची तारीख, मग तीन छोटे परिच्छेद. एक अक्षर चुकलं तरी खाडाखोड चालायची नाही, नवा कागद चढवायचा. कार्बनखालची प्रत त्यांनी माझ्या हातात ठेवली. "मुलाखतीला जाताना ही वाचून जा. लिहिलंयस त्यावरच विचारतील." तसंच झालं. साहेबांनी धान्याच्या वहीबद्दलच विचारलं आणि मी न अडखळता बोलले.

पहिल्या पगाराला पेढे आणि पाकीट घेऊन गेले. मास्तरांनी पेढा घेतला, थकलेली फी तेवढी मोजून घेतली, बाकीचं पाकीट परत केलं.

पुढे आस्थापना विभागात बदली झाली आणि लोकांचे अर्ज माझ्याच टेबलावर येऊ लागले. बहुतेक अर्ज कुठल्याही कंपनीला पाठवता येतील असे असायचे. नाव बदला, पत्ता बदला, झालं. एखाद्यानेच आमची जाहिरात नीट वाचलेली असायची. तो अर्ज मी वर ठेवायची. पण त्या गठ्ठ्यात हुशार मुलं कमी नव्हती. त्यांना फक्त कुणी शेजारी बसवून विचारलेलं नव्हतं. आता अर्ज ईमेलने जातात आणि तयार मजकूर क्षणात मिळतो, पण वाचणाऱ्याला हवं असतं ते तेच: जाहिरात नीट वाचून लिहिलेला अर्ज.

मास्तर आता नाहीत. तुमच्या घरात, शेजारात कुणी पहिल्यांदा अर्ज लिहीत असेल, तर त्याला मजकूर सांगू नका. जाहिरात हातात घ्या, अर्धा तास शेजारी बसा आणि त्याला काय काय येतं ते विचारा.